पायथॉनची नवी आवृत्ती, देवनागरी मजकूर आणि महाविद्यालयीन संगणककक्ष

प्रस्तावना :
संगणकभाषेची नवी आवृत्ती आली की जुनी आज्ञावली तिच्यावर जशीच्या तशी चालेलच असे नाही. हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही; मराठी मजकुराचा संगणकाद्वारे अभ्यास करू इच्छिणाऱ्या अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही तो भेडसावतो. प्रस्तुत लेखात पायथॉन या भाषेच्या आधारे त्याचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

भाषेतील बदल :
गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या या भाषेची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. तिने जुन्या आवृत्तीशी असलेली सुसंगती हेतुपुरस्सर सोडली. 'प्रिंट' या आज्ञेला कंस अनिवार्य झाला. ७ भागिले २ या पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर पूर्वी ३ येत असे, आता ३.५ येते. पहिल्या बदलात संगणक चूक दाखवितो, दुसऱ्यात मात्र काहीही न सांगता वेगळे उत्तर देतो. म्हणूनच दुसरा बदल अधिक धोक्याचा ठरतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल मजकुरासंबंधीचा आहे. यूटीएफ-८ पद्धतीने साठविलेल्या 'भंडारा' या शब्दाची लांबी पायथॉन २ मध्ये साध्या मजकुराच्या रूपात विचारल्यास १८ येई, कारण तेथे बाइट मोजले जात. पायथॉन ३ मध्ये ती ६ येते, कारण येथे भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी युनिकोड चिन्हे मोजली जातात. मराठी वाचकाला मात्र अक्षरे तीनच दिसतात. अर्थात, अक्षरगणनेचा प्रश्न नव्या आवृत्तीतही पूर्णपणे सुटलेला नाही.

कार्यप्रणालीशी सुसंगती :
मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे साहाय्य जानेवारी २०२० मध्ये थांबविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेली पायथॉन ३.९ त्या प्रणालीवर चालत नाही. तेथे ३.८ हीच अखेरची आवृत्ती असून तिचेही साहाय्य २०२४ मध्ये संपले. पायथॉन २ चे साहाय्य तर १ जानेवारी २०२० रोजीच संपले होते.

याशिवाय, फाइल उघडताना संकेतनपद्धती न सांगितल्यास पायथॉन ३ च्या अनेक आवृत्त्या विंडोजवर त्या संगणकाची स्थानिक पद्धती गृहीत धरतात. लिनक्सवर ती बहुधा यूटीएफ-८ असते. परिणामी एकच आज्ञावली लिनक्सवर मराठी फाइल नीट वाचते आणि विंडोजवर अडखळते. आज्ञावलीत 'यूटीएफ-८' असा स्पष्ट निर्देश करणे हा यावरील सोपा उपाय होय.

निष्कर्ष :
तुमसर, पवनी वा साकोलीच्या विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकातील उदाहरण नव्या आवृत्तीवर चालविले आणि ते फसले, तर तो दोष स्वतःच्या आकलनाला देतो. कित्येकदा दोष आवृत्तीचा असतो. म्हणून प्रात्यक्षिकवहीच्या पहिल्या पानावर भाषेची आवृत्ती व कार्यप्रणाली यांची नोंद सक्तीची करावी, गुणदानापूर्वी परीक्षकाने ती पाहावी आणि जुन्या संगणकांवर, यंत्रसामग्री अनुकूल असल्यास, विनामूल्य लिनक्स बसविण्याचा विचार करावा. नव्या आवृत्तीचा स्वीकार आवश्यकच आहे. परंतु तिच्यातील बदलांचा भुर्दंड विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर पडू नये, ही जबाबदारी अध्यापकाची आहे.