रस्त्यावरचे निंब : तोडावे की राखावे?

नऊ वर्षांपूर्वी आमच्या हातून एक अर्ज लिहिला गेला. त्या अर्जाबद्दल आज लिहिणे भाग आहे.

अमरावतीतील आमच्या वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक जुना निंब होता. जुलैतल्या वादळात त्याची मोठी फांदी मोडून एका घराच्या टिनांवर पडली. घरातले लेकरू थोडक्यात बचावले, कपाळाला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी वस्तीतील मंडळी आमच्याकडे आली. आम्ही कारकून माणूस, अक्षर बरे, सरकारी भाषा अवगत. ‘सदरहू झाड धोकादायक असून ते त्वरित तोडण्यात यावे’ असे लिहून दिले. बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. नळासाठी केलेले आमचे अर्ज वर्षानुवर्षे फायलीत पडून राहतात, हा अर्ज मात्र तिसऱ्या दिवशी मंजूर! चौथ्या दिवशी झाड आडवे. लाकूड कोणाच्या गाडीत गेले, ते आम्ही विचारले नाही.

त्या निंबाखाली एक वयोवृद्ध काका चपला-जोडे शिवायला बसत. शेजारी चहाची गाडी होती. सकाळी बांधकामावर जाणाऱ्या बाया डबा घेऊन तिथेच मुकादमाची वाट पाहत. पुढच्या एप्रिलमध्ये काकांनी छत्री बांधून पाहिली. मे महिन्यात अकरा वाजताच पेटी उचलून घरी जाऊ लागले. अर्ध्या दिवसाची कमाई गेली. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “भाऊ, तुमचं अक्षर लय चांगलं हाये. पन माह्या डोक्यावरचा निंब गेला ना!”

आम्हाला उत्तर सुचले नाही. फांदी तोडा म्हणण्याऐवजी आम्ही झाड तोडा म्हटले होते, आणि ते बघायला कोणा जाणकाराला बोलावले नव्हते.

आता त्याच रस्त्यावरच्या उरलेल्या अकरा झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे पडले आहेत. रस्ता रुंद होणार, नाली होणार, असे ऐकिवात आहे. तेव्हा हा प्रश्न पुन्हा आमच्या दारात आला आहे.

वऱ्हाडातील ऊन काय चीज आहे, हे वाचकांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी कलम १४४ लावावे लागले. दंगलीसाठी ठेवलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले! कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे द्यावेत, खाजगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे त्या आदेशात होते. आदेश चांगलाच होता. पण हातगाडी ओढणारा, भाजीची टोपली घेऊन बसणारी, रिक्षा घेऊन चौकात उभा असलेला, यांना पंखा कोण देणार? त्यांचा पंखा म्हणजे रस्त्यावरचे झाड. ज्याच्या घरी कूलर आहे, कचेरीत एसी आहे, गाडीला काळी काच आहे, त्याला झाड म्हणजे शोभा. आमच्या माणसांना झाड म्हणजे कामाची जागा.

असे असले तरी दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यातले पारस गाव औष्णिक वीज केंद्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. तिथे ९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी संध्याकाळी, वादळी पाऊस सुरू झाला. बाबूजी महाराज मंदिराच्या टिनाच्या शेडखाली माणसे जमली होती. शेजारचा जुना, प्रचंड निंब मुळापासून उन्मळून त्या शेडवर कोसळला. सात माणसे मरण पावली, कित्येक जखमी झाली. पावसापासून आडोसा मिळावा म्हणून जी माणसे आत आली, त्यांच्यावरच झाड पडले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना ‘झाडे आपले मित्र आहेत’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? तेव्हा जे लोक एकही झाड तोडू देणार नाही म्हणतात, त्यांचे म्हणणे आम्हाला पटत नाही.

पण झाड पडते का, हेही पाहिले पाहिजे. नुसते म्हातारे झाले म्हणून निंब पडत नाही. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हिंग ब्लॉक थेट बुंध्याला भिडवतात. मुळांना पाणी नाही, हवा नाही. मग नळासाठी, केबलसाठी, नालीसाठी खोदतात आणि एका बाजूची मुळे कापली जातात. वरून तारा जातात म्हणून फांद्याही एकाच बाजूच्या छाटतात. अशा झाडाचा सगळा भार दुसऱ्या बाजूला आणि खाली धरायला मूळ नाही. वादळाला फक्त धक्का द्यायचे काम उरते. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, सिमेंट काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्येच दिला होता. आपल्याकडच्या चौकात उभे राहून किती झाडांभोवती माती दिसते, ते वाचकांनी मोजून पाहावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तेव्हा हिशोब मांडण्याची खोड आहे. सर्वोच्च न्यायालयात पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडे तोडण्याचे प्रकरण चालले होते. सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. त्यांच्यापुढे तज्ज्ञ समितीने अहवाल ठेवला, त्यात झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती. झाडाचे वय गुणिले ही रक्कम. म्हणजे साठ वर्षांचा निंब झाला ४४ लाख ७० हजार रुपयांचा. आमच्या अर्जाने केवढ्या रकमेची खोट आली, ते पाहून आम्ही कागद बाजूला ठेवला. अर्थात हा अहवाल होता, सरकारने असा दर काही लागू केलेला नाही. पण ‘झाडाचे काय, दुसरे लावू’ असे सहज म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगावा.

दुसरे लावू, हेही तपासावे. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे व त्याहून जुने झाड आता ‘वारसा वृक्ष’ ठरते. झाड तोडलेच तर त्याचे जेवढे वय तेवढी रोपे लावायची. साठ वर्षांच्या निंबाबद्दल साठ रोपे. कागदावर जमाखर्च जुळला! पण ती साठ रोपे लागणार कुठे तरी गावाबाहेर, आणि सावली पाहिजे काकांच्या पेटीवर. शिवाय निंबाच्या रोपाखाली माणूस बसायचा तर दहा-पंधरा वर्षे गेलीच. तोवर पेटी घेऊन बसणारा राहील का?

रोपे तरी कोणती लावतात? दुभाजकात आणि कंपाउंडला लागून तो सरळसोट अशोक लावतात, तो खरा अशोकसुद्धा नव्हे. त्याची सावली चौकीदाराच्या काठीएवढी. गुलमोहर दिसतो सुंदर, पण वाऱ्यात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. निंब, करंज, चिंच, वड, पिंपळ ही आपल्या मातीत रुजलेली झाडे सावलीची.

अशोकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. अकोल्याच्या अशोक वाटिकेत आपण सारे जातो, अभिवादन करतो. त्या सम्राटाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, हे त्याने स्वतः दगडावर कोरून ठेवले आहे. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभ्या असलेल्या स्तंभावर तो सातवा लेख आहे. वड कशासाठी लावले, तर माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे कळत होते, ते आजच्या रस्त्याच्या नकाशात एका ओळीनेही दिसत नाही.

आमची बहीण अकोल्याला दिलेली आहे, त्यामुळे बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू हा रस्ता आम्ही लहानपणापासून एसटीने केला. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता उत्तम झाला, वेळ वाचतो, पेशंट लवकर पोचतो. याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. पण पूर्वी एसटी बंद पडली की प्रवासी खाली उतरून झाडाखाली बसत, शिदोरी सोडत. आता गाडी बंद पडली तर माणसे गाडीच्याच सावलीत उकिडवी बसतात. ७५ किलोमीटरचा थर पाच दिवसांत होतो, निंब काही पाच दिवसांत होत नाही.

रस्ता झाडासाठी वळवता येतो, याचेही उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यात भोसे येथे रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड शेकडो वर्षांचा वड येत होता. लोकांनी २०२० मध्ये आवाज उठवला आणि आखणी बदलली गेली. रस्ताही झाला.

आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. तरुण मंडळींचे म्हणणे रस्ता झालाच पाहिजे. एक जण उठून म्हणाला, “मामा, माह्या मायले अटॅक आला तवा अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावर उभी राह्यली. खाटेवर टाकून नेलं आमी तिले.” सगळे गप्प झाले. मग एक आजी म्हणाल्या, “रस्ता करा बापू, कोन नाई म्हनते? पन सारेच निंब काहून तोडता? मी भाजी घेऊन कुठं बसू?” दोघांचेही खरे होते. आवाज चढले, थोडी भांडणेही झाली. शेवटी कृषीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने तोडगा काढला. म्हणाली, भांडण्यापेक्षा एकेक झाड पाहून येऊ.

मग टेप आणि वही घेऊन आम्ही निघालो. बुंध्यावर काठी मारायची, पोकळ आवाज येतो का ऐकायचे. बुडाशी आळंबी उगवली आहे का, माती उचलली आहे का, झाड अलीकडेच कलले आहे का, शेंड्याकडे फांद्या वाळल्या आहेत का, हे पाहायचे. अकरापैकी दोन झाडे बुडाशी पोकळ निघाली, एकाच्या पोकळीत तर हात कोपरापर्यंत गेला. एकाची फांदी घरांवर झुकलेली होती. आठ ठणठणीत. त्यांतली तीन नालीच्या रेषेत येतात, पण नाली रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने नेली तर तीही वाचतात आणि अँब्युलन्सही आत येते. अंतर आम्ही स्वतः टेपने मोजले.

कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी झाडावर नोटीस लावावी लागते, वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि लोकांना हरकत घेण्यास सात दिवस मिळतात. मेलेल्या, रोगट, जीवाला धोका असलेल्या झाडाची परवानगी कायदाही नाकारत नाही. म्हणून नोटिशीवर डोळा ठेवा. पांढरा आकडा म्हणजे परवानगी नव्हे. आणि धोकादायक वाटणारे झाड पावसाळ्यापूर्वी, मार्च-एप्रिलमध्येच दाखवा. वादळ झाल्यावर केलेला अर्ज कसा घाईचा असतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

नोटिशीची वाट न पाहता आम्ही अर्ज देऊन ठेवला आहे. दोन झाडे तोडावीत, एकाची फांदी जाणकाराच्या देखरेखीखाली छाटावी, आठ राखावीत, त्यांच्या बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडावे, आणि जिथे जुना निंब होता तिथे नवा लावावा. या नव्या निंबाला पाणी घालण्याची जबाबदारी वस्तीने घेतली आहे, तसे अर्जात लिहून दिले आहे. पोच शिक्क्यासह घेतली.

सह्या घेताना त्या काकांच्या घरीही गेलो. आता त्यांना फारसे दिसत नाही. त्यांनी नातवाला बोलावून अर्ज दोनदा मोठ्याने वाचून घेतला. ‘तोडावीत’ हा शब्द आला तिथे थांबवून कोणती दोन झाडे, हे विचारले. मग अंगठा दिला.