शिंजीर मकरंद ओढतो कसा?

फेब्रुवारी-मार्चमध्ये किनवट-माहूरच्या रानात पळस फुलला, की जांभळ्या शिंजिरांची झुंबड उडते. लातुरात हा पक्षी अंगणातल्या जास्वंदीवरही सहज दिसतो. वजन जेमतेम ५ ते १० ग्रॅम. बाकदार चोच फुलात शिरते, क्षणभर थांबते आणि मकरंद संपतो. तो वर चढतो कसा?

सारी करामत जिभेची. तिच्या कडा आत वळून नळी झालेली असते. शिंजीर जिभेचा मागचा भाग टाळूला दाबतो, मग खाली घेतो. मधल्या पोकळीत दाब घटतो आणि मकरंद नळीतून वर येतो. आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तसेच हे. फक्त त्यासाठी आपल्याला गाल लागतात, ते याला नाहीत! अमेरिकेतला हमिंगबर्ड असा ओढत नाही, जीभ भराभर आतबाहेर करून मकरंद उपसतो.

बदल्यात पळसाचे पराग शिंजिराच्या अंगाला चिकटून दुसऱ्या झाडावर पोचतात. लांब नळीच्या फुलांशी मात्र स्वारी लबाडी करते : बुडाशी भोक पाडून मकरंद पळवते, परागांचे नावच नाही. पिल्लांना निव्वळ गोडावर वाढवता येत नाही. तेव्हा नर-मादी दोघेही कोळी आणि किडे टिपत हिंडतात.