ताप आला की ‘सिक्स-फिफ्टी’, घसा धरला की ‘अ‍ॅझी’! कॉलेजची मुले स्वतःच डॉक्टर का होतात?

पावसाळा सुरू झाला की होस्टेलमध्ये ताप आणि घसादुखी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते. गोळ्याही तशाच फिरतात. कुणाच्या कपाटात मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या चार गोळ्या असतात, कुणी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जपून ठेवलेला असतो. औषध तेच, डोस तोच, रुग्ण मात्र वेगळा!

याला नुसता निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण दवाखान्याची आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच असते, हजेरी कापली जाते आणि एका तपासणीच्या फीमध्ये मेसचे काही दिवस निघतात. मेडिकलवाल्याकडे हेच काम पाच मिनिटांत होते. सवय बहुतेकदा घरातूनच आलेली असते. फोनवर ‘ती पांढरी गोळी घे’ असे सांगणारी आई असतेच. आता त्यात रील्स आणि चॅटबॉट आले. फार्मसी, मेडिकलची मुले यात मागे नसतात, कारण थोडी माहिती आली की आत्मविश्वास भरपूर येतो.

लाल रेघ कशासाठी?

पट्टीच्या मागे डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. अ‍ॅझिथ्रोमायसिन ‘शेड्युल एच’मध्ये येते. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स आणि परीक्षेच्या काळात झोपेसाठी मागितली जाणारी अल्प्राझोलम ‘एच-१’मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीतील औषध विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती नोंद ३ वर्षे ठेवायची असते. प्रत्यक्षात ‘दोनच द्या’ म्हटले की पट्टी कात्रीने कापली जाते. मग रेघ, नाव किंवा एक्स्पायरी डेट यांपैकी काहीतरी दुकानातच राहते.

दोन गोळ्यांत बरे वाटले, मग?

सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारते जिवाणूंना. सर्दी काही दिवसांत आपोआप उतरते, पण श्रेय गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी तीच गोळी मागितली जाते. दरम्यान शरीरातल्या जिवाणूंपैकी औषधाला दाद न देणारे टिकून राहतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसचा हा धोका सांगितला होता.

तापाचे गणित आणखी नाजूक आहे. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण निरोगी प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे लक्षात न घेता दोन्ही घेतल्या की ताण यकृतावर येतो. आणि ताप डेंग्यूचा असेल तर अंगदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवते. डेंग्यूची शक्यता असताना ही औषधे टाळायला सांगतात ती त्यामुळेच.

होस्टेलचा आणखी एक ठरलेला आजार म्हणजे गजकर्ण. ओले टॉवेल, घट्ट जीन्स, एकमेकांचे कपडे. त्यावर मित्राने दिलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याचे रूपही बदलते, त्यामुळे नंतर त्वचारोगतज्ज्ञालाही निदान अवघड जाते.

वेळ आणि पैसे नसतील तर?

केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो आणि चिठ्ठी फोनवरच येते. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, उलट्या थांबत नसतील, पोटात जोरात दुखत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. ‘काहीच घेतले नाही’ असे डॉक्टरांना सांगितले, तर पुढचा डोस त्याच समजुतीवर ठरतो.