पाच मिनिटं, प्रश्न न विचारता

मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला, कॅमेरा जमिनीवरच्या ठोकळ्यांकडे. आईच्या एका कानात ब्लूटूथ. मी माझा व्हिडिओ बंद करते, नाहीतर मुलगा माझ्याशीच बोलत बसतो. मग खेळ सुरू होतो आणि मी, त्यांची थेरपिस्ट, आईच्या कानात हळू आवाजात बोलत राहते.

दोन ते सात वर्षांच्या हट्टी, तापट मुलांसाठीची ही पद्धत, पीसीआयटी (पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी), अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात घडवली. तेव्हा थेरपिस्ट एकतर्फी काचेआड बसायचा. जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी ती वेबकॅमवरून घरोघरी नेली. ४० कुटुंबांबरोबरच्या त्यांच्या चाचणीत (२०१७) ऑनलाइन उपचार दवाखान्यातल्या उपचाराच्या मागे पडला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. दवाखान्यात मूल पाहुण्यासारखं वागतं, घरी ते स्वतःसारखं वागतं.

सुरुवातीला मी फक्त मोजते. पाच मिनिटांत आई काय काय बोलते? ‘हा कुठला रंग? असा नको ठेवूस, पडेल. आजीला दाखवलंस का?’ प्रेमानेच, पण सगळे प्रश्न आणि सूचना. गाठायचं असतं ते वेगळंच: पाच मिनिटांत दहा नेमकी कौतुकं, दहा वेळा मुलाचंच बोलणं त्याला परत ऐकवणं, दहा वेळा तो करतोय त्याचं वर्णन, प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनपेक्षा जास्त नाहीत. नुसतं ‘छान’ या दहांत धरत नाही. ‘ठोकळे किती हळू ठेवतोयस, आवडलं मला’ हे धरतात. इथे आपल्याकडचे पालक अडखळतात. तोंडावर कौतुक केलं तर पोर डोक्यावर बसेल, ही भीती खोल आहे. स्वयंपाकघरातून आजीही तेच सांगते, म्हणून पुढच्या वेळी मी आजीलाही बोलावते.

एकदा मुलाने ठोकळा भिंतीवर आपटला. आईचा श्वास चढलेला मला ऐकू येत होता. ‘त्याच्याकडे बघू नका. तुम्ही रचत राहा.’ तो ओरडला, लोळला, मग हळूच सरकत जवळ आला. ‘आता, लगेच!’ मी म्हटलं. ‘शेजारी येऊन बसलास, बरं वाटलं,’ आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण वाक्य तिचंच होतं.

घरात मारहाण होत असेल, तर मी पडद्यावर भागवत नाही, समोरासमोर भेटते. पहिल्याच कॉलवर पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर घेते. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देते. तिथे रात्रीबेरात्री मराठीतून बोलता येतं.

बाकी रोजचा अभ्यास पाच मिनिटांचा. लुडो, सापशिडी नको; नियम आले की हुकूम आले. ठोकळे, चिकणमाती, भातुकली चालते. आणि मुलाने दिवसभर कितीही छळलं, तरी शिक्षा म्हणून ही पाच मिनिटं काढून घ्यायची नाहीत.