चिन्हाचा पत्ता

पत्रावर आपण पत्ता कसा लिहितो? ‘मु. पो. गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर.’ मुक्काम, तालुका, जिल्हा हे शब्द उर्दूतही आहेत. पण पत्त्यात ते आपण पूर्ण लिहीत नाही. एका अक्षराने काम भागते, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ती खूण ठाऊक असते.

संगणकालाही अशाच खुणांनी आज्ञा देता येतात. एकदा मी वर्गात ‘~’ हे चिन्ह फळ्यावर काढले. त्याला टिल्ड म्हणतात. ‘युनिक्स’ प्रणालीत त्याचा अर्थ ‘माझे घर’, म्हणजे आपल्या फाइली ठेवण्याची आपली जागा. एका मुलीने विचारले, “सर, या नागमोडी रेघेत घर कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. मीही तो अर्थ पाठच केला होता. मग मी शोध घेतला.

युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाली. तेव्हा आज्ञा टेलिप्रिंटरवर टाइप करीत. ते यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापत असे. म्हणून आज्ञा आखूड झाल्या. ‘कॉपी’ या शब्दाची सी आणि पी ही दोनच अक्षरे उरली.

पुढे १९७६ साली ‘एडीएम-३ए’ हे पडदा आणि कीबोर्ड असलेले यंत्र आले. त्याच्या एकाच बटणावर टिल्ड आणि ‘होम’ हा शब्द छापलेला होता. ‘होम’ म्हणजे पडद्याच्या आरंभी परत जाणे. बर्कले येथील विद्यापीठात हे यंत्र वापरीत. तेथेच बिल जॉय यांनी ‘सी शेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात टिल्डचा अर्थ ‘घर’ असा झाला.

टिल्ड मात्र त्याहून फार जुना आहे. स्पेनमधील लेखनिक दोन ‘न’ लिहिण्याऐवजी एकच लिहून त्यावर ही रेघ देत. तुम्ही उर्दूत अक्षर दोनदा न लिहिता तश्दीद देता ना? अगदी तसेच!

ते यंत्र आज वापरात नाही. खूण मात्र उरली आहे. त्या मुलीला आता टिल्डचा अर्थ पाठ करावा लागत नाही. नुसते पाठ केलेले विसरते, कारण समजलेले लक्षात राहते. म्हणून एखादे नवे चिन्ह दिसले, की त्याला जरूर विचारा, “तुझे मु. पो. काय?”