लहान टॉयलेटची फरशी: दुकानात ऐकू येतं ते आणि खरं असतं ते

इंटिरियरच्या कॅटलॉगमध्ये हल्ली ‘पावडर रूम’ दिसते. हॉलजवळची, पाहुण्यांसाठीची छोटी खोली. आत कमोड आणि बेसिन, आंघोळीची सोय नाही. अमेरिका-युरोपातल्या घरांत ही खोली कोरडी असते आणि बऱ्याचदा तिच्या जमिनीला पाणी जायची जाळीही नसते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधलं हॉललगतचं तीन बाय पाच फुटांचं टॉयलेट मात्र आपण तसं वापरत नाही. तिथे जेट स्प्रे असतो, बादली असते, फरशी पाणी ओतून धुतली जाते आणि घरातली माणसं अनेकदा अनवाणीच आत जातात. टाइल निवडताना सगळी चर्चा रंग आणि डिझाइनवर होते, पण या खोलीत पहिला प्रश्न पाण्याचा असतो. पाणी कुठून येणार, कुठे जाणार आणि कुठे अडकणार, हे आधी ठरवलं की निम्म्या टाइल आपोआप बाद होतात. तरीही दुकानात, गवंड्याकडून, नातेवाइकांकडून काही समज इतक्या ठामपणे सांगितले जातात की माणूस गोंधळतो.

‘मोठी टाइल लावा, जागा मोठी दिसते’

मोठ्या हॉलमध्ये हे पटतं, कारण सांधे कमी दिसतात. तीन बाय पाचच्या टॉयलेटमध्ये हिशेब करून बघा. दोन बाय दोनच्या अख्ख्या टाइल तिथे जेमतेम दोन बसतात. बाकी सगळे कापलेले तुकडे, त्यात कमोडसाठी आणि जाळीसाठी आणखी कापाकापी. ज्या सलग दिसण्यासाठी मोठी टाइल घेतली, ते दिसणंच उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे ढाळ. पाणी जाळीकडे वाहायला मीटरमागे साधारण १० ते १५ मिलिमीटर उतार लागतो, आणि जाळी कोपऱ्यात असली तर तो दोन दिशांनी द्यावा लागतो. टाइल सपाट आणि ताठ असते, ती वाकत नाही. मग गवंडी एकतर तिला तिरकी कापतो, नाहीतर ढाळ कमी करून टाकतो. ढाळ कमी केलेल्या टॉयलेटमध्ये कमोडच्या मागे पाण्याचं थारोळं साचतं आणि काही महिन्यांत तिथले सांधे काळे पडतात. एक बाय एकची किंवा त्याहून लहान टाइल उतार सहज घेते. सांधे जास्त येतात हे खरं, पण ओल्या पायाला त्या सांध्यांचीच पकड मिळते. मोठीच टाइल हवी असेल, तर भिंतीलगत लांबट चॅनेलची जाळी बसवता येते. मग उतार एकाच दिशेला द्यावा लागतो आणि उतारासाठी टाइल तिरकी कापावी लागत नाही. मात्र त्यासाठी जुनी जमीन फोडून पाइपाची जागा बदलावी लागते, हे आधी धरून चालावं.

याच संदर्भात एक चूक वारंवार होताना दिसते. ‘इथे आंघोळ करत नाही, मग जाळी कशाला?’ म्हणून नूतनीकरणात जाळीखालचा नहाणी ट्रॅप बुजवला जातो. बुजवू नका. जेट स्प्रेचा पाइप कधीतरी सुटतो, फ्लशची टाकी गळते, आणि तेव्हा ते पाणी थेट हॉलमध्ये येतं. उलट तक्रारही असते की जाळीतून वास येतो. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहावं लागतं, तेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. कमी वापराच्या टॉयलेटमध्ये ते आटून जातं. आठवड्यातून एक-दोन मग पाणी जाळीत ओतलं की बहुतेक वेळा वास थांबतो.

‘मॅट आहे, म्हणजे घसरणार नाही’

या समजाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याची किंमत घरातले म्हातारे मोजतात. मॅट म्हणजे फक्त चमक नसलेली टाइल. तिचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत असू शकतो, आणि साबणाचं पाणी पडलं की ती चकचकीत टाइलइतकीच निसरडी होऊ शकते. पकड हा वेगळा गुण आहे आणि तो वेगळा मोजला जातो.

दुकानदार बरेचदा ‘आर ९’ असं अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याला नऊ हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात हे जर्मन मानक ‘आर ९’पासूनच सुरू होतं आणि ‘आर १३’ला संपतं, म्हणजे ‘आर ९’ ही सर्वांत खालची पायरी आहे. चाचणीत तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालतो आणि उतार हळूहळू वाढवत नेतात. ६ ते १० अंशांपर्यंत पाय टिकला तर ‘आर ९’, १० ते १९ अंशांना ‘आर १०’, १९ ते २७ अंशांना ‘आर ११’. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्याची निराळी चाचणी आहे. तिच्यात ए, बी आणि सी असे वर्ग असतात आणि ते अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांपासून सुरू होतात. आपल्या टॉयलेटला ही दुसरी चाचणी जास्त लागू पडते. माझ्या मते निदान ‘आर १०’ किंवा अनवाणी चाचणीतला ‘बी’ वर्ग मागावा. घरात वयस्कर माणूस असेल तर याबाबत तडजोड करू नये. त्याहून फार खरखरीत टाइल घेतली की तिच्यात मळ अडकतो आणि पुसायचं फडकं अडखळतं, म्हणून तिथेही थोडा विचार हवा.

कॅटलॉगमध्ये ‘पीईआय’ नावाचा आणखी एक आकडा असतो. तो टाइलवरचा मुलामा किती झिजेल एवढंच सांगतो, पकडीशी त्याचा संबंध नाही. आकडे छापलेलेच नसतील तर नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवायला सांगा, तिच्यावर पाणी आणि साबणाचा थेंब टाका आणि आधार धरून अनवाणी पाय घासून बघा. कोणताही भला दुकानदार याला नकार देत नाही.

‘व्हिट्रिफाइड टाइल वॉटरप्रूफ असते, मग गळती कशी होईल?’

टाइल पाणी पीत नाही हे खरं. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. भिंतीच्या सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त शोषतात. (म्हणूनच भिंतीच्या उरलेल्या टाइल जमिनीला लावू नयेत. त्या पातळ असतात आणि फुटतात.) ओळखायची सोपी रीत म्हणजे टाइल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकायचा. भिंतीच्या टाइलवर तो बघता बघता जिरतो, व्हिट्रिफाइडवर तसाच बसून राहतो.

पण फरशी म्हणजे नुसती टाइल नव्हे. सांध्यांतून, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यातून, जाळीच्या कडेने आणि कमोडच्या पाइपाभोवतीने पाणी खाली जातं. व्हाइट सिमेंटने भरलेले सांधे पाणी पितात. इपॉक्सी ग्राउट महाग असतं, पण ते पाणी आणि डाग दोन्ही जवळजवळ घेत नाही, आणि एवढ्या लहान जागेत त्याचा वाढीव खर्च परवडण्यासारखा असतो. तरीही इपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवण्याचं खरं काम टाइलच्या खालचा थर करतो. तो जमिनीवर सलग आणि भिंतींवर निदान फूटभर चढवलेला असावा, आणि जाळीच्या कडेला त्याच्याकडे विशेष लक्ष दिलेलं असावं. जुन्या इमारतींत टॉयलेटचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. एकदा त्या कोब्यात पाणी शिरलं की ते आत साचून राहतं आणि महिन्यांनी खालच्या घरच्या छताला ओल येते. तोवर नवी फरशी छान दिसत असते आणि खरं कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून टाइल बसवण्याआधी पाणी भरून चाचणी घ्या. जाळी बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि ४८ तास वाट बघा. दरम्यान खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून या. ठेकेदार घाई करेल. ऐकू नका.

‘टाइलवर टाइल लावली की तोडफोड वाचते’

वाचते, आणि काही ठिकाणी हा उत्तम मार्ग आहे. लोक वजनाला भितात, पण ती भीती फारशी खरी नाही. नऊ मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड टाइलचं वजन चौरस मीटरला साधारण २० किलो भरतं, म्हणजे तीन बाय पाचच्या टॉयलेटला तीस किलोच्या आसपास. अडचण उंचीची असते. टाइल आणि चिकटवायचा थर मिळून जमीन सुमारे अर्धा इंच वर येते. टॉयलेटची पातळी पॅसेजपेक्षा खाली राहायला हवी, नाहीतर धुतलेलं पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं. दरवाजा खालून तासावा लागतो, जाळी वर घ्यावी लागते, जमिनीवरचा कमोड काढून पुन्हा बसवावा लागतो. जुन्या टाइलवर नाण्याने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला, तर तिच्यावर नवी लावण्यात अर्थ नाही. आणि खाली गळती असेल तर हा विचारच सोडा, नवी टाइल त्या गळतीवर फक्त झाकण घालते.

टाइल चिकटवायची कशाने, हेही इथेच सांगायला हवं. ‘आम्ही वर्षानुवर्षं सिमेंटवरच लावतो’ असं अनुभवी कारागीरही म्हणतात. जुन्या सच्छिद्र लाद्यांना ते चालायचं, कारण सिमेंट त्या छिद्रांत शिरून धरायचं. व्हिट्रिफाइडला तशी छिद्रं जवळजवळ नसतात. तिला पॉलिमर मिसळलेली चिकटवण्याची पावडर लागते. आयएस १५४७७ या भारतीय मानकात अशा पावडरींचे पाच प्रकार केले आहेत. टाइलवर टाइल लावायची असेल, तर त्या कामासाठी ती चालते असं पोत्यावर लिहिलेलं पाहूनच घ्यावी.

‘संगमरवर किंवा दगड म्हणजे कायमचं काम’

दगड टिकतो, पण कोणता दगड आणि कशाने धुतला जातो यावर ते अवलंबून असतं. संगमरवर, कोटा, कडप्पा आणि आपली शहाबादी फरशी या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आम्ल ते खातं. टॉयलेट साफ करायच्या बहुतेक जोरदार द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. एकदा सांडलं की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. तेच आम्ल सिमेंटचे सांधेही पोखरतं. मला शहाबादी फरशी मनापासून आवडते. तिच्या खडबडीत अंगावर ओला पाय घट्ट बसतो, जुन्या न्हाणीघरांत ती उगीच वापरत नव्हते. ती हवी असेल तर जरूर लावा, पण सीलर मारून घ्या आणि आम्लाची बाटली त्या टॉयलेटमध्ये ठेवूच नका. आम्लाशिवाय भागणार नसेल तर ग्रॅनाइट बरा, मात्र पॉलिश केलेला नव्हे, खरखरीत फिनिशचा.

लाकडासारख्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. लॅमिनेटचा गाभा पाण्याने फुगतो, तो इथे चालत नाही. एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्या फुगत नाहीत, पण कडेच्या फटींतून पाणी त्यांच्या खाली जाऊन कुजतं. जाळी असलेल्या, धुतल्या जाणाऱ्या टॉयलेटमध्ये त्या लावू नयेत. लाकडाचं रूपच हवं असेल तर त्या छपाईची खरखरीत टाइल मिळते.

‘लहान जागा आहे, स्वस्तातली घ्या’

पंधरा चौरस फुटांचा हिशेब मांडा. चौरस फुटाला चाळीसची टाइल सोडून ऐंशीची घेतली, तर फरक सहाशे रुपयांचा. खरा पैसा जातो तोडण्यात, डेब्रिस खाली नेण्यात, वॉटरप्रूफिंगमध्ये आणि कारागिराच्या मजुरीत, आणि टाइल कोणतीही असो, हे सगळं तेवढंच लागतं. कारागीरही निवडून घ्यावा. लहान खोलीत कापाकापी जास्त असल्यामुळे कसब जास्त लागतं, आणि दर चौरस फुटावर ठरवला तर तो घाईने उरकतो. त्याच्याशी पूर्ण कामाचा एकच आकडा ठरवलेला बरा.

याच कापाकापीमुळे मोठ्या खोलीसाठी धरतात तशी दहा टक्के जादा टाइल इथे पुरत नाही, पंधरा ते वीस टक्के धरावी. सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना, हे दुकानातच तपासा, कारण त्याच डिझाइनचा दुसऱ्या खेपेचा माल रंगात थोडा वेगळा निघतो. काम संपल्यावर चार-पाच अख्ख्या टाइल शेड नंबरच्या चिठ्ठीसकट माळ्यावर ठेवा. कंपन्या डिझाइन बंद करत राहतात, आणि पुढे कधी पाइप दुरुस्त करताना एखादी टाइल फोडावी लागली, तर तिच्या जागी लावायला तशीच टाइल बाजारात मिळेलच असं नाही.