पाळी गेली, कोरडेपणा आला: लाजू नका, उपाय आहे

"सिस्टर, एक विचारू का?"

बीपी तपासून झालं, गोळ्या घेऊन झाल्या, बाई दारापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली, की मी समजून जायची. खरं दुखणं आता बाहेर पडणार. दवाखान्यात नर्स होते तेव्हाही हे पाहिलं. आता वस्तीत आरोग्याच्या बैठका घेते, तेव्हाही तेच पाहते. बैठक संपते, चहा होतो आणि सतरंजी गुंडाळायला मागे थांबलेली एखादी ताई हळूच कानाशी येते.

अशीच एक ताई आली. वय 49, धुणीभांडी करणारी. पाळी बंद होऊन दीड वर्ष झालेलं. म्हणाली, "खाली नुसती आग होते. चालताना घासतं. मालक जवळ आले की सुरी फिरवल्यासारखं दुखतं. नको म्हटलं, तर म्हणतात तुझं मन दुसरीकडं आहे." तिला वाटलं, आपल्या अंगात घाण झाली. म्हणून ती रोज दोनदा साबणाने आणि जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धूत होती. जितकं धुवावं, तितकी आग वाढत होती.

तिच्या अंगात घाण नव्हती आणि मनातही खोट नव्हती. तो योनीमार्गाचा कोरडेपणा होता. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या बायांना हा त्रास होतो. बोलतात मात्र थोड्याच.

असं का होतं?

आपल्याकडे बहुतेक बायांची पाळी 45 ते 50 या वयात जाते. सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती कायमची गेली असं धरतात. त्या सुमारास अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. योनीमार्गाचं अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर ठेवण्याचं काम तेच करतं. ते कमी झालं की अस्तर पातळ आणि कोरडं होतं, जरा घासलं तरी सोलवटतं. तिथे राहणारे चांगले जंतू कमी होतात, आतला आंबटपणा घटतो, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. लघवीला जळजळ आणि सारखं लघवीला लागणं यामागेही पुष्कळदा हेच कारण असतं.

अंगातून वाफा येणं काही वर्षांत बहुधा कमी होतं. कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. "वयच झालं, सहन कर" हा सल्ला म्हणून चुकीचा.

ज्यांची अंडाशयं ऑपरेशन करून काढली, त्यांना हा त्रास एकदम सुरू होतो, मग वय तिशीचं असलं तरी. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. तुमचं ऑपरेशन झालं असेल, तर फक्त पिशवी काढली की अंडाशयंही काढली, हे कागद दाखवून विचारून घ्या. तो तुमचा हक्क आहे. स्तनाच्या कॅन्सरवरच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो.

हार्मोन नसलेला उपाय

पहिला उपाय साधा आहे: योनीमार्गासाठीचं मॉइश्चरायझर जेल. यात हार्मोन नसतं. ते आतल्या अस्तराला चिकटून ओलावा धरून ठेवतं. कॅन्सरचे उपचार झालेल्या बायांनाही आधी हेच सुचवतात.

इथे दोन वस्तूंमध्ये गल्लत होते. मॉइश्चरायझर हे नेमाने वापरायचं, संबंध येवोत न येवोत. ल्युब्रिकंट म्हणजे वंगण जेल. ते फक्त संबंधाच्या वेळी लावायचं. गरज असेल तर दोन्ही वापरता येतात.

मेडिकलमध्ये "योनीमार्गाचं मॉइश्चरायझर" असंच स्पष्ट मागा. पुष्कळ जेलमध्ये हायल्युरॉनिक ॲसिड असतं. वासाचं, रंगाचं, गरम किंवा गार वाटणारं जेल घेऊ नका. बधिर करणारी जेली कुणी दिली तर परत करा. तिने दुखणं कळत नाही, पण जखम होतच राहते.

वापरायची रीत अशी: हात धुवा. रात्री झोपताना जेल सोबतच्या नळीने किंवा स्वच्छ बोटाने आत सोडा, थोडं तोंडाशी आणि बाहेरूनही लावा. दर दोन-तीन दिवसांनी एकदा. घर एका खोलीचं असेल तर मोरीत लावून लगेच आडवं व्हा. रात्री थोडं बाहेर येतं, म्हणून सुती कापड ठेवा. पहिल्यांदा जरा चुरचुरेल. आग थांबलीच नाही तर ते जेल बंद करा. चार दिवसांत फरक शोधू नका, आठ ते बारा आठवडे नेमाने वापरा.

महागडंच हवं का? 2018 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 302 बायांना 12 आठवडे वेगवेगळे उपचार दिले: कुणाला हार्मोनची योनीत ठेवायची गोळी, कुणाला मॉइश्चरायझर, कुणाला नुसतं साधं जेल. तिन्ही गटांत त्रास जवळपास सारखाच कमी झाला. म्हणून जाहिरातीला भुलून घरखर्चाचे पैसे घालवू नका. परवडेल ते साधं, बिनवासाचं जेल घ्या आणि नेम पाळा.

हे करू नका

योनीमार्ग आतून स्वतःला स्वच्छ ठेवतो. आत साबण, जंतुनाशक, तुरटी, हळद, पावडर काहीही घालू नका. बाहेरून साधं पाणी पुरे. खोबरेल तेल काहीजणी वापरतात, पण तेलाने निरोध फाटतो. पाळी अनियमित झाली तरी गर्भ राहू शकतो, हेही विसरू नका. आणि सार्वजनिक संडासाची रांग टाळायला पाणी कमी पिणं सोडा, त्याने लघवीची जळजळ वाढते.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तर थांबू नका, त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवा. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं. घाण वासाचं पाणी, दह्यासारखं पांढरं, फोड, पांढरे चट्टे, ताप घेऊन लघवीला जळजळ, यालाही तपासणीच लागते. खाज सारखी येत असेल तर साखर तपासून घ्या. तीन महिने जेल वापरूनही फरक नसेल, तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देऊ शकतात. ते त्याच जागी काम करतं, रक्तात फार थोडं जातं. कॅन्सर झालेल्या ताईने मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये.

त्या ताईला मी आधी तपासणीला नेलं. जंतुसंसर्ग नव्हता. साबण बंद केला, जेल सुरू केलं. दीड महिन्याने म्हणाली, "चालताना घासत नाही आता." पण मला जास्त बरं वाटलं ते तिच्या पुढच्या बोलण्याचं. तिने नवऱ्याला दवाखान्याचा कागद दाखवून सांगितलं होतं, "हे दुखणं आहे. दुखतंय म्हटलं की थांबायचं." तो गप्प झाला आणि थांबला.

घरातल्या पुरुषांनीही हे पान वाचावं. बाई नाही म्हणते तेव्हा संशय घेऊ नका, कुठे दुखतं ते विचारा. आणि बायांनो, पुढच्या बैठकीला सतरंजी गुंडाळेपर्यंत थांबू नका. चहाच्या आधीच विचारा. तुमच्यामुळे शेजारी बसलेलीलाही उत्तर मिळेल.